चौथी सीट

माझ्या जवळच्या बायकांपैकी निम्म्यांची घरं मी आजवर पाहिलेली नाहीत. त्यांचे नवरे रस्त्यात समोर आले तर ओळखणारही नाही. पण कुणाचा नवरा झोपेत दात खातो, कुणाच्या नणंदेने आईच्या पाटल्या अजून परत दिलेल्या नाहीत, कुणाच्या मुलीला बारावीला किती टक्के पडले आणि सोसायटीत किती सांगितले, हे मला तोंडपाठ आहे. या सगळ्या मला सकाळच्या फास्ट गाडीत मिळाल्या. डोंबिवली ते व्हीटी, लेडीज सेकंड, मधला डबा. स्टेशनचं नाव बदलून सीएसटी झालं, मग सीएसएमटी झालं, पण आम्ही व्हीटीच म्हणत राहिलो.

डोंबिवलीत राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या बाईचे रोजचे अडीच-तीन तास गाडीत आणि प्लॅटफॉर्मवर जातात. माझी नोकरीची सगळी वर्षं तशीच गेली. गिरगावात, दादरला, परळला एका खोलीत मावेनासं झालं तशी माणसं या बाजूला सरकली. ब्लॉक मिळाले, स्वयंपाकघराला दार आलं, पण नोकऱ्या राहिल्या तिकडेच. बँका, विमा, पोस्ट, टेलिफोन, मंत्रालय. त्यामुळे सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर डबे घेतलेल्या, ओल्या केसांच्या बायकांची जी गर्दी असायची, तिच्यात निम्म्या मुंबईचं कारकुनी काम उभं असायचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी गेली ती याच मार्गावर. आणि तरी बायकांसाठीची पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुटली ती वेस्टर्न लाइनवर, चर्चगेट-बोरिवली! वेस्टर्नवाल्यांना सगळं आधी मिळतं, हा आम्हा सेंट्रलवाल्यांचा जुना सल आहे. असो.

गाडीत आम्हाला नावं नव्हती असं नाही, पण ती फार उशिरा कळली. आधी सगळ्या मुक्कामांवरून आणि ऑफिसांवरून ओळखायच्या. खिडकीवाली, मंत्रालयवाली, भायखळ्याला उतरणारी, टेलिफोनवाली. माझं नाव कितीतरी दिवस ‘चौथी सीट’ होतं. लोकलचं बाकडं तिघींचं. चौथीने कडेला टेकायचं, अर्धं अंग बाहेर, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीची पर्स खांद्यावर घ्यायची. नव्या बाईची जागा ती. त्या जागेवरून तिसरीवर, तिसरीवरून खिडकीला पोचायला सरकारी नोकरीतल्या बढतीइतकाच वेळ लागतो आणि बढतीसारखंच ते ज्येष्ठतेने होतं, गुणवत्तेने नाही.

चौथ्या सीटचा एक फायदा मात्र आहे. तिथे बसलेल्या बाईला समोरासमोरच्या दोन्ही बाकड्यांवरचं सगळं ऐकू येतं आणि तिला कुणी काही विचारत नाही. पहिले काही महिने मी नुसती ऐकत होते. आपल्या घरी जे कुणी मोठ्याने बोलत नाही ते इथे मुलुंड ओलांडायच्या आत बोलून संपतं, याचं मला आश्चर्य वाटायचं. आणि बोलून झालं की बोलणारी डबा उघडून विचारायची, ‘शिरा घेणार का गं? साखर कमी आहे.’

एक संध्याकाळ सांगते. परतीची गाडी. आम्हाला व्हीटीला बसायला मिळालं होतं. मंत्रालयवालीच्या मांडीवर कागद पसरलेला, त्यावर मेथीची जुडी. घरी गेल्यावर वेळ नसतो म्हणून भाजी गाडीतच निवडायची, ही डोंबिवली-कल्याणच्या बायकांची रीत. पानं खुडून पिशवीत, देठ कागदावर. घाटकोपर गेलं आणि ती खाली बघतच म्हणाली, ‘मी पुढच्या आठवड्यात घर सोडतेय. मुलीला घेऊन.’ कुणीच काही बोललं नाही. बाजूच्या दोघींनी तिच्या जुडीतल्या चार-चार काड्या उचलल्या आणि त्याही निवडायला लागल्या. ठाणं गेलं. आमच्या वेळेला फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. सव्वा-दीड किलोमीटरचा तो बोगदा, आत शिरलं की आवाज इतका कोंडायचा की बोलणं अशक्य. बोगदा संपला, उजेड आला, तेव्हा आमच्यातली सगळ्यात मोठी बाई म्हणाली, ‘मग पास कुठून काढणार?’

‘मुलुंड. आईकडे जातेय.’

‘आपली गाडी मुलुंडला थांबत नाही.’

‘हो ना.’

‘मग ठाण्याहूनच काढ. मागे यायचं एक स्टेशन. जागेचं बघू आम्ही.’

झालं. का सोडतेस, त्याने हात उगारला का, मुलीचं शिक्षण, लोक काय म्हणतील, पुन्हा एकदा विचार कर, यातलं एक अक्षर कुणी काढलं नाही. डोंबिवली आली, कागद गुंडाळला, देठ कचऱ्यात गेले, मेथी तिच्या पिशवीत गेली.

जागेचं बघू म्हणणं सोपं होतं. सकाळी ठाण्याला चढणाऱ्या बाईसाठी डोंबिवलीपासून जागा धरून ठेवणं म्हणजे काय, हे त्या मार्गावर फिरलेल्यांना सांगायला नको. पर्स ठेवून जागा अडवली की दिव्याच्या आतच आवाज चढतात. ‘जागा काय बापाची आहे का?’ हा प्रश्न रास्तच होता आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तरी रोज कुणीतरी ते भांडण अंगावर घ्यायचं. भांडणाचीसुद्धा पाळी लावली होती. सोमवारी मी, मंगळवारी टेलिफोनवाली. शेवटी एकीने तोडगा काढला: आपल्यातलीच एक ठाण्याला उठेल आणि तिला बसवेल. म्हणजे बाहेरच्या कुणाचं नुकसान नको. मंत्रालयवाली ठाण्याला चढायची, तिची पाळीवाली न बोलता उठायची.

याला काय म्हणायचं ते मला तेव्हाही कळत नव्हतं. मैत्री म्हणावी तर आम्ही एकमेकींकडे कधी राहिलो नाही, एकत्र सहलीला गेलो नाही. मैत्रीत जी एकमेकींना बदलू पाहण्याची खटपट असते तीही नव्हती. मला वाटतं, त्या बाईला ते गाडीत सांगता आलं याचं कारण अगदी रोकडं होतं. ऐकणारीचं त्यात काही अडलेलं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर आईची झोप उडाली असती. बहिणीला सांगितलं असतं तर बहिणीच्या सासरी काय सांगायचं हा प्रश्न निघाला असता. शेजारणीला सांगितलं असतं तर जिन्यात नवऱ्याशी नजर मिळवताना त्या शेजारणीची पंचाईत झाली असती. आपल्या आयुष्यातला एकही निर्णय घरच्यांना नुसता ऐकता येत नाही, कारण प्रत्येक निर्णयाचं टोक त्यांच्या ताटापर्यंत येतं. त्यात त्यांचा दोष नाही. पण म्हणूनच माणूस सगळ्यात आधी घरापासून लपवतो.

माझंही तेच झालं. खात्याची परीक्षा द्यायची माझी फार इच्छा होती. घरी कुणी नको म्हटलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी. बाईची नोकरी म्हणजे संसाराला हातभार, त्यात वरच्या खुर्चीचं काय, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं आणि त्या सगळ्यांत मीही होते. पहिल्यांदा हे मी मोठ्याने उच्चारलं ते कळव्याच्या आसपास. ‘बसू का परीक्षेला?’ खिडकीवाली म्हणाली, ‘पुस्तक आण उद्या.’ दुसऱ्या दिवसापासून ठाणे ते दादर माझी उलटतपासणी. रजेचे नियम, प्रवासभत्त्याचे नियम, शिस्तभंगाची कलमं. भायखळ्याला उतरणारी एका खाजगी दवाखान्यात हिशेब बघायची, तिचा आमच्या नियमांशी काडीचा संबंध नव्हता, पण अर्जित रजा किती दिवस साठवता येते हे तिला माझ्याआधी पाठ झालं. घरी मी निकाल लागल्यावर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘अभ्यास कधी केलास?’ मी म्हटलं, ‘गाडीत.’ त्यांना वाटलं मी थट्टा करते.

संक्रांतीनंतर डब्यात हळदीकुंकू व्हायचं. एकीकडे तिळगूळ, एकीकडे वाण. प्लॅस्टिकच्या गाळण्या, स्टीलच्या वाट्या, एका वर्षी तर मोबाइल ठेवायच्या कापडी पिशव्या. टेलिफोनवालीचे यजमान त्या दिवाळीत अचानक गेले होते. तिने स्वतःच त्या दिवशी दुसऱ्या दारातून चढायचा बेत केला होता, हे नंतर कळलं. पण गर्दीने तिला आमच्यातच आणून सोडलं. करंडा हातात असलेल्या बाईने हळद लावली, कुंकू लावलं, वाटी हातात दिली आणि पुढे सरकली. तिसऱ्या सीटवरून चौथ्या सीटवर जावं तितक्या सहज. आता मला ठाऊक आहे, तीच करंडेवाली तिच्या स्वतःच्या इमारतीत हे करू शकली नसती. तिच्या वरच्या मजल्यावर एक विधवा बाई होत्या आणि त्यांना ती बोलवत नसे, कारण सासूबाई, कारण चाळकरी मंडळी, कारण वर्षानुवर्षं. तिनेच एकदा सांगितलं होतं. म्हणजे खरी ती कुठली? इमारतीतली की डब्यातली? मी याचा बराच विचार केला आहे आणि माझं मत डब्याच्या बाजूने पडतं. जिथे आपलं वागणं कुणी जपून ठेवणार नाही, उद्या काढून दाखवणार नाही, तिथे माणूस आपल्या मनासारखं वागून बघतो.

हे सगळं फार गोड वाटायला लागलं असेल तर दुसरी बाजूही सांगते. आमचा ग्रुप म्हणजे बाकीच्यांना डोकेदुखी होती. आम्ही जोरजोरात हसायचो. रात्रपाळी करून झोपेला आलेल्या नर्सेस आमच्याकडे कशा बघायच्या ते आठवतं. नव्या मुलीने आमच्या ठरलेल्या खिडकीशी बसायचा प्रयत्न केला तर आमच्यातल्या दोघी तिच्यावर अशा काही नजर लावायच्या की ती उठायची. ग्रुपची दादागिरी पुरुषांच्या डब्यातच असते हा गैरसमज आहे. शिवाय सगळ्यांना सामावून घेणारा वगैरे तो डबा नव्हताच. इतक्या वर्षांत आमच्या दोन बाकड्यांवर बसल्या त्या सगळ्या आमच्यासारख्याच. तशाच नोकऱ्या, तसेच ब्लॉक, जवळपास तशीच आडनावं. दारापाशी टोपल्या घेऊन बसणाऱ्या, कानातली आणि क्लिपा विकणाऱ्या बायकांना आम्ही रोज बघायचो, घासाघीस करायचो, त्यांच्या मुलांची नावंही विचारायचो. पण बाकड्यावर त्या कधी आल्या नाहीत.

आणि गाडीतलं नातं गाडीत चालतं हेही खरं. एकदा खिडकीवाली निवृत्त झाली, तेव्हा तिने आग्रहाने रविवारी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. आम्ही इस्त्रीच्या साड्या नेसून गेलो. सोफ्यावर तिघी, समोर खुर्च्यांवर चौघी. तिचे यजमान दोनदा ‘पंखा वाढवू का?’ विचारून गेले. मसालेभात उत्तम होता. आणि आम्हाला बोलायला एक विषय सुचेना! ज्या बाईने मला आपल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनची टाक्यांसकट हकीकत सांगितली होती ती भिंतीवरच्या घड्याळाचं कौतुक करत होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘उभं राहूया का गं थोडं?’ तेव्हा कुठे सगळ्या हसल्या. पण जमलं नाही ते नाहीच. त्यानंतर कुणी कुणाला घरी बोलावलं नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही.

मध्यरात्री यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा गाडीतली कुणी आली नाही. येणार कशी? आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांच्याशी आमचं बाथरूमच्या गळतीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. नाइट गाउनवर ओढणी टाकून त्या रिक्षा आणायला नाक्यापर्यंत धावल्या. हॉस्पिटलात पैसे भरायच्या रांगेत त्याच उभ्या होत्या. चौथ्या दिवशी यांना घरी सोडलं आणि पाचव्या दिवशी वहिनींनी पुन्हा गळतीचा विषय काढला. त्यांचा हक्कच होता तो. ज्या माणसाला रात्री दोन वाजता उठवता येतं त्याला आपल्या भिंतीविषयी बोलताही येतं, हा व्यवहार एकमेकांना जोडलेला आहे. मला गाडी जवळची वाटते म्हणून मी घराला, शेजाराला कमी लेखत नाही. एवढंच म्हणते की आयुष्यभराची नाती तेवढी खरी आणि बाकीची वाटेतली, ही प्रतवारी मला पटत नाही. सव्वा तासाचं नातं सव्वा तास पूर्ण असतं. ते लांबवायला गेलो की मसालेभात होतो.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या. रोज ७५ लाखांच्या आसपास माणसं वाहणारी गोष्ट एका रात्रीत थांबली. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. बायकांना पुन्हा गाडीत चढू दिलं ते २१ ऑक्टोबरला, तेही दुपारी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. ऑफिसला जाणाऱ्या बाईला त्या वेळा काय उपयोगाच्या? लशीचे दोन डोस झालेल्या सगळ्यांना दारं उघडली ती २०२१ च्या १५ ऑगस्टला. तोवर आमच्यातल्या निम्म्या निवृत्त झाल्या होत्या, एकीचं ऑफिस बेलापूरला गेलं होतं, आणि भायखळ्याला उतरणारी गेली होती. करोनाने. तिच्या घरचा फोन नंबर आमच्यापैकी एकीकडेही नव्हता, फक्त तिचा मोबाइल, आणि तो लागत नव्हता. बातमी कळायला तीन महिने लागले. तिच्या मुलाला भेटायला जावं का यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बराच खल झाला. जाऊन सांगणार काय, की आम्ही कोण? तुमच्या आईला अर्जित रजेचे नियम पाठ होते? कुणी गेलं नाही.

तो ग्रुप अजून आहे. सुप्रभातची फुलं, गुढीपाडव्याला फडके रोडचे फोटो, कुणाच्या नातवाचं बारसं. एरवी शांत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, काहींचे जीव गेले, त्या सकाळी मात्र ग्रुपवर धडाधड मेसेज आले. ‘मुलगा पोचला का?’ ‘जावई त्याच गाडीने जातो ना?’ ‘तुझी सून?’ मंत्रालयवालीने सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहून समोर बरोबरच्या खुणा केल्या. ज्यांच्याबद्दल ती विचारत होती त्यातल्या एकालाही तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

माझी सून आयटीत आहे. लग्न झालं तेव्हा तिचं काम घरूनच चालायचं. बेडरूमचं दार बंद, कानाला हेडफोन, दिवसभर कुणाकुणाशी इंग्रजीत बोलणं. मी चहा घेऊन जायचे तेव्हा ती हाताने ‘थांबा’ अशी खूण करायची. जेवायला बाहेर आली की समोर मी, संध्याकाळी दार उघडलं की पुन्हा समोर मीच. चांगली मुलगी आहे, मीही फार वाईट सासू नसावे, पण दोन माणसांनी चोवीस तास एकमेकींना पुरायचं म्हणजे दोघींवर अन्याय आहे. तिचं काही बिनसलं की मला लगेच कळायचं, आणि मला कळलंय हे तिला कळायचं, आणि मग आम्ही दोघी भाजी काय करायची यावर फार गांभीर्याने बोलायचो. मी मनात म्हणायचे, हिला एखादी गाडी मिळायला हवी.

मिळाली. गेल्या वर्षी कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला यायला सांगितलं. पहिल्या दिवशी ती इतकी वैतागून आली की राजीनामा देते म्हणाली. डोंबिवलीहून ठाणं, तिथे दहा नंबरकडे पळत जाऊन वाशीची गाडी, त्यात घाम, धक्के. मी काही बोलले नाही. दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी तिच्या डब्यात मला जरा जास्तच थालीपीठं दिसली. ‘एवढी कुणाला?’ ‘आहेत एकदोघी. गाडीतल्या.’ मग एकदा ती विचारत होती, ‘आई, तुम्ही चौथ्या सीटवर बसायचात तेव्हा पाठ नाही दुखायची?’ मी म्हटलं, दुखायची.

आता मंगळवार, बुधवार, गुरुवार ती आठच्या आत बाहेर पडते. परत येते तेव्हा दमलेली असते, पण चेहरा मोकळा असतो. काहीतरी बोलून आलेली असते, ते दिसतं. त्या बायकांना ती माझ्याबद्दल काय सांगते हे मी विचारत नाही. मी माझ्या सासूबाईंबद्दल ठाण्यापर्यंत काय काय सांगितलंय, ते मला चांगलं आठवतं.